१/७२ स्पिटफायर: पहिलं मॉडेल जोडताना आणि रंगवताना

पहिलं प्लॅस्टिकचं विमानाचं मॉडेल बिघडण्याची कारणं मोजकीच असतात. गोंद पुरता वाळायच्या आत घासायला घेतलं, सांधा न तपासता रंग मारला, जे भाग शेवटी लावायचे ते आधी लावून टाकले. तिन्ही चुका घाईच्या आहेत आणि तिन्ही टाळता येतात. म्हणून या लेखात प्रत्येक पायरीला किती वेळ थांबायचं तेही सांगितलं आहे. वाळण्याचा वेळ धरून हे काम रोज तासभर बसून दोन-तीन आठवड्यांचं आहे, त्याहून लवकर उरकू नका.

उदाहरणासाठी घेतलं आहे सुपरमरीन स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचं मार्क १, म्हणजे १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या आकाशात लढलेलं रूप. शिकायला हे विमान फार सोयीचं. एकच इंजिन, एकच वैमानिक. शेपटीखाली चाक असल्यामुळे ते आपोआप मागे टेकून उभं राहतं. नाकाखाली चाक असलेल्या जेट विमानांच्या नाकात वजन भरावं लागतं, ती कटकट इथे नाही. भागही कमी असतात. आणि एक अवघड जागा, पंख आणि धड यांचा सांधा, यात हमखास भेटते. ती एकदा जमली की पुढची बरीच विमानं जमतात.

माप आणि किट

१/७२ म्हणजे खऱ्या विमानाचे ७२ मिमी मॉडेलवर १ मिमी होतात. मूळ इंग्रजी हिशेब सहा फुटांना एक इंच असा आहे. खऱ्या स्पिटफायरच्या पंखांचा पसारा ११.२३ मीटर आणि लांबी ९.१२ मीटर, म्हणजे मॉडेल भरतं १५६ मिमी रुंद आणि १२७ मिमी लांब. तळहातावर मावतं. १/४८ मध्ये तेच २३४ मिमी रुंद होतं, आतले बारकावे दिसतात, पण किंमत आणि रंगवायचं क्षेत्र दोन्ही वाढतं. पहिल्या विमानाला १/७२ घ्या.

एअरफिक्सचा १/७२ मार्क १ए स्वस्त आहे आणि सहज मिळतो. त्याच्या ‘स्टार्टर सेट’मध्ये रंगाच्या छोट्या डब्या, ब्रश आणि गोंद येतो. टामियाचा १/७२ मार्क १ महाग पडतो, पण त्याचे भाग जास्त नेटके बसतात. खोक्यावरची पाटी नीट वाचा. मार्क ५ आणि मार्क ९ ही वेगळी रूपं आहेत, त्यांचे रंग आणि खुणाही (वर्तुळं, अक्षरं) वेगळ्या. खूप जुन्या साच्यातले किट स्वस्तात दिसतात, पण त्यात सांध्यांवर इतकी लांबी (फटी भरायची पुट्टी) भरावी लागते की नवशिक्याचा धीर सुटतो.

हत्यारं

सगळं एकदम विकत घ्यायची गरज नाही. एका बाजूने सपाट असलेला स्प्रू कटर (किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात ती म्हणजे स्प्रू), ११ नंबरच्या पात्याचा क्राफ्ट चाकू, टोकदार चिमटा, कापण्याची मॅट, आणि ४००, ६००, १०००, २००० नंबरचा वॉटर पेपर, एवढ्यात जोडणी होते. वॉटर पेपर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्याच्या १० मिमी रुंद पट्ट्या आइस्क्रीमच्या काडीवर डबल टेपने चिकटवल्या की घासायची काडी तयार. धरायला कपड्यांचे चिमटे, रबरबँड आणि मास्किंग टेप पुरतात. मास्किंग टेप मात्र मॉडेलसाठीचाच घ्या. घर रंगवताना वापरतात तो टेप जाड आणि खरखरीत असतो, कडेने रंग आत शिरतो.

गोंद दोन प्रकारचे ठेवा. बाटलीच्या झाकणालाच बारीक ब्रश असलेला पातळ गोंद (टामिया एक्स्ट्रा थिन त्यातलाच) मुख्य कामाला, आणि फेविकॉल काचेला. पातळ गोंद खरं तर चिकटवत नाही. तो पॉलिस्टायरीन विरघळवतो आणि दोन्ही भाग एकजीव होतात. म्हणूनच जिथे गोंद लागणार तिथला रंग आधी खरवडून काढावा लागतो, नाहीतर गोंद नुसता रंग विरघळवतो आणि सांधा दोन दिवसांनी सुटतो. फेविक्विक धातूच्या किंवा रेझिनच्या भागांसाठी ठीक आहे, काचेजवळ ते नेऊसुद्धा नका. त्याची वाफ पारदर्शक भागावर पांढरी साय धरते.

जोडणीआधी

सगळे स्प्रू कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकून जुन्या मऊ टूथब्रशने धुवा आणि सावलीत वाळवा. साच्यातून सुटावेत म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य भागांवर राहिलेलं असतं, त्यावर रंग धरत नाही. धुताना मोरीच्या जाळीवर गाळणी ठेवा. सुटलेला एक्झॉस्ट (इंजिनाच्या धुराची नळी) परत सापडत नाही.

मग सूचनापत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा आणि पेन्सिलीने ठरवून टाका: चाकं खाली की वर, पंखा (नाकावरचा प्रोपेलर) कोणता, कॅनपी (वैमानिकावरचं काचेचं झाकण) उघडी की बंद. मार्क १ ला सुरुवातीला लाकडी दोन पात्यांचा पंखा होता आणि १९४० पर्यंत तीन पात्यांचा आला. किटमध्ये जादा भाग असू शकतात. आपल्या खुणांचं विमान कोणतं, त्यावरून निवड होते. पहिल्या वेळी कॅनपी बंद ठेवा. बंद कॅनपी रंग मारताना आतल्या भागाचं झाकण म्हणून कामाला येते; ती अस्तराआधीच लावायची, कशी ते शेवटच्या भागात सांगितलं आहे.

भाग स्प्रूपासून कधीही पिळून तोडू नका. आधी भागापासून दीड-दोन मिमी लांब कापा, मग कटरची सपाट बाजू भागाकडे करून उरलेला देठ कापा, शेवटचा उंचवटा ६०० च्या पेपरने घासा. एकाच फटक्यात कडेला कापलं तर प्लॅस्टिकवर ताण येऊन तिथे पांढरा डाग पडतो किंवा टवका उडतो. वाकलेला भाग गरम पाण्यात (उकळत्या नव्हे) अर्धा मिनिट धरून बोटांनी सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा.

कॉकपिट

१/७२ मध्ये बंद कॅनपीतून फार थोडं दिसतं. म्हणून इथे आठवडा घालवू नका, पण तीन गोष्टी कराच. आतल्या भिंतींना करडट हिरवा रंग (हम्ब्रॉल कंपनीचा ७८ नंबर), उपकरणांचा फलक काळा, आणि खुर्चीवर पट्टे. पट्ट्यांसाठी मास्किंग टेपची ०.७ ते ०.८ मिमी रुंद पट्टी कापून फिकट खाकी रंगवा आणि खुर्चीच्या पाठीवरून चार तुकडे सोडा. वरून बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. धडाच्या दोन्ही अर्ध्या भागांच्या आतही तोच रंग द्या, कॅनपीमागच्या जागेपर्यंत. हा रंग धडाच्या जोडकडांवर गेला असेल तर चाकूच्या पात्याने खरवडा.

धड आणि पंख

गोंद उघडण्याआधी प्रत्येक भाग कोरडाच बसवून बघा. धडाचे दोन अर्धे टेपने धरा, आत कॉकपिट ठेवा आणि उजेडासमोर धरून बघा. फट दिसली तर बहुतेक वेळा कॉकपिटची फरशी किंवा फलक किंचित रुंद असतो. धड दाबून बसवायचा प्रयत्न केला तर सांधा पुन्हा उघडेल, म्हणून फरशीच्या कडा थोड्या घासा.

बसतंय याची खात्री झाली की धड टेपने तीन ठिकाणी बांधा आणि पातळ गोंदाचा ब्रश सांध्याला नुसता टेकवा. गोंद आपोआप फटीत ओढला जातो. एका वेळी २०-२५ मिमी एवढंच करा, दहा सेकंद थांबा, मग दोन्ही अर्धे हलके दाबा. सांध्यावर विरघळलेल्या प्लॅस्टिकची बारीक कड वर आली पाहिजे. ही कडच तुमची लांबी, तीच पुढे घासून सपाट करायची. टेपच्या खाली गोंद शिरू देऊ नका. टेप गोंदाला खेचून घेतो आणि बोटाचा किंवा टेपचा ठसा प्लॅस्टिकवर कायमचा उमटतो. तसं झालं तर पुसू नका, पुसल्याने ते पसरतं. एक दिवस वाळू द्या आणि मग घासा.

धड पूर्ण २४ तास बाजूला. सांधा वरून कडक वाटला तरी आत मऊ असतो. तासाभरात घासलं तर त्या वेळी सपाट दिसतं, पण आतला द्रावक उडून गेल्यावर प्लॅस्टिक आकसतं आणि रंग मारून झाल्यावर आठवड्याने पाठीवर बारीक घळ दिसते.

पंखांचा खालचा भाग बहुतेक किटमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच तुकडा असतो, वरचे अर्धे दोन. आधी वरचे अर्धे खालच्या तुकड्यावर गोंद न लावता टेपने धरा आणि तो पंख धडाला लावून बघा. आता दोन गोष्टी तपासायच्या.

पहिली, पंखांचा चढ. स्पिटफायरचे पंख मुळापासून टोकाकडे ६ अंशांनी वर जातात. या मापात ते टोकाशी साधारण ८ मिमी उंच भरतं. समोरून बघून दोन्ही टोकं टेबलापासून सारख्या उंचीवर आहेत का ते पट्टीने मोजा. सपाट बसलेले पंख ही स्पिटफायरच्या मॉडेलमधली सगळ्यात ठळक चूक, लांबूनही खटकते.

दुसरी, पंखाचा वरचा भाग जिथे धडाला भिडतो ती फट. गंमत अशी की एकाच युक्तीने दोन्ही सुटतात. पंख धडाच्या पोटाशी गोंदाने जोडा आणि एका पंखाच्या टोकापासून कॉकपिटवरून दुसऱ्या टोकापर्यंत मास्किंग टेप ताणून लावा. टेप टोकं वर ओढतो, चढ मिळतो आणि मुळाची फट मिटते. मग फटीत पातळ गोंद सोडा आणि रात्रभर तसंच ठेवा. तरीही केसाएवढी फट उरली तर स्प्रूचा तुकडा मेणबत्तीवर धरून मऊ झाला की ओढा, त्याचा बारीक धागा होतो. तो धागा फटीत ठेवून वरून गोंद लावा. पंखाच्या मुळाशी वॉटर पेपर फिरवायला जागा नसते आणि आजूबाजूच्या पॅनलरेषा (पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या कोरलेल्या रेषा) पुसल्या जातात. म्हणून तिथे लांबी भरून घासण्यापेक्षा हा धागा कितीतरी बरा.

दुसरीकडे फट असेल तर मॉडेलची लांबी वापरा. भिंतीची वॉल पुट्टी प्लॅस्टिकवर धरत नाही, भुगा होऊन पडते. लांबी एकदम जाड भरू नका, ती आकसते. पातळ थर, २४ तास, मग हवा तर दुसरा.

शेपटीचे आडवे पंख लावताना मागून बघा. ते एकमेकांशी सरळ रेषेत आणि शेपटीच्या उभ्या पंखाशी काटकोनात हवेत, मुख्य पंखांसारखे चढते नकोत. पोटाखाली मात्र दोन्ही बाजू सारख्या नसतात. मार्क १ मध्ये उजव्या पंखाखाली मोठा चौकोनी रेडिएटर, डाव्या पंखाखाली लहान अर्धगोल ऑइल कूलर. उलटे ठेवलेल्या मॉडेलवर डावं-उजवं चुकतं, म्हणून विमान सरळ धरून, वैमानिक जसा बसतो तसे डावे-उजवे मोजा.

चाकं, चाकांची झाकणं, पंखा, एक्झॉस्ट, पिटो नळी (वेग मोजणारी बारीक नळी), अँटेनाचा खांब: हे सगळं आत्ता लावू नका. रंगकामात हातात मोडणारे भाग हेच. वेगवेगळे काड्यांवर डकवून रंगवा. चाकांच्या खणात मास्किंग टेप किंवा ओला टिश्यू पेपर भरून ठेवा.

सांध्याची परीक्षा आणि अस्तर

वाळलेले सांधे ४०० ने सपाट करा, ६०० आणि १००० ने ओरखडे काढा, पेपर नेहमी ओला ठेवा. स्पिटफायरच्या नाकाचा आणि पाठीचा आकार गोल आहे, एकाच जागी घासत बसलात तर तिथे सपाट पट्टा तयार होतो. विमान फिरवत फिरवत घासा.

आता अस्तर, म्हणजे करडा प्रायमर. स्प्रे कॅन असेल तर कॅन दोन मिनिटं कोमट पाण्यात ठेवा (गरम पाण्यात किंवा आचेवर कधीच नाही), २०-२५ सेंमी अंतरावरून, मॉडेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवत, पातळ हात मारा. दोन पातळ हात पुरतात. करड्या अस्तरावर सगळे दोष उघडे पडतात: उरलेली फट, ओरखडा, गोंदाचा ठसा. हे दोष रंगाने झाकले जातील असं समजू नका. वरचा रंग त्यांना जास्तच उठाव देतो. म्हणून पुन्हा लांबी, पुन्हा घासणं, पुन्हा त्या जागेला अस्तर. हा फेरा दोनदा-तीनदा होणं अगदी नेहमीचं आहे.

रंग कोणते

१९४० च्या जूनपासून लढाऊ विमानांचं पोट ‘स्काय’ या फिकट हिरवट रंगाचं झालं. वरच्या बाजूला ‘डार्क अर्थ’ हा मातकट आणि ‘डार्क ग्रीन’ हा गडद हिरवा, नागमोडी पट्ट्यांत. हम्ब्रॉलमध्ये ते अनुक्रमे ९०, २९ आणि १६३. टामियात हिरव्यासाठी एक्सएफ-८१ आणि पोटासाठी एक्सएफ-२१. स्कायच्या नेमक्या छटेवरून फार वाद घालू नका. त्या उन्हाळ्यात रंगाचा पुरवठा अपुरा होता आणि तुकड्यांनी हाताशी होतं त्यातून छटा मिसळल्या होत्या.

वरच्या नक्षीचे ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन ठरलेले आराखडे होते, एकमेकांची आरशातली प्रतिमा. तुमच्या खुणांच्या विमानाला कोणता होता ते सूचनापत्रकात दिलेलं असतं.

ब्रशने की एअरब्रशने

पहिलं विमान ब्रशने रंगवायला काहीच हरकत नाही. स्पिटफायरच्या दोन रंगांमधली कड खऱ्या विमानावरही बरीच स्पष्ट होती. ती ३-४ सेंमी धूसर होती असं धरलं तरी १/७२ मध्ये अर्धा मिमी भरते. ढगासारख्या पसरट कडा या मापात चूकच दिसतात.

ब्रशसाठी पाण्यात मिसळणारे व्हॅलेहोसारखे ॲक्रिलिक घ्या. टामियाचे ॲक्रिलिक ब्रशला त्रास देतात. ते पटकन वाळतात आणि दुसरा हात मारताना पहिला उचलला जातो. ८-१० मिमी रुंद, मऊ, सपाट कृत्रिम केसांचा ब्रश हवा. रंग दुधाइतका पातळ करा. पहिला हात डागाळलेला, अर्धवट दिसेल, दिसू द्या. एका दिशेने ओढायचं आणि ओल्या जागेवर परत ब्रश न्यायचा नाही. अर्धा तास वाळवून दुसरा हात आधीच्या आडव्या दिशेने. तीन-चार हातांत रंग एकसारखा होतो. एकाच जाड हातात उरकायला गेलं की ब्रशच्या रेघा राहतात आणि पॅनलरेषा बुजतात.

एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं हत्यार) असेल तर ०.३ मिमी नोझल, १५ ते २० पीएसआय दाब, मॉडेलपासून ५ ते ८ सेंमी. टामियाच्या रंगात त्याचाच एक्स-२०ए थिनर एकास एक, गरज वाटली तर थोडा जास्त. खरखरीत, वाळूसारखा पृष्ठभाग आला तर रंग हवेतच वाळतोय: अंतर कमी करा, थिनर वाढवा. रंग कोळ्याच्या पायांसारखा फाकला तर तो फार पातळ आहे किंवा दाब जास्त आहे. ओघळ आला तर हात एका जागी थांबलाय. ओघळाला हात लावू नका, वाळल्यावर २००० ने घासा. व्हॅलेहोच्या रंगात लॅकर थिनर किंवा स्पिरिट घालू नका, त्याच्या गुठळ्या होतात. आणि हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर मॉडेलवर वापरू नका, तो थेट प्लॅस्टिक खातो.

लॅकर किंवा स्प्रे कॅन मारताना खिडकी उघडी हवी आणि तोंडावर सेंद्रिय वाफा अडवणारी काडतुसं असलेला मास्क. कापडी मास्क वाफेला काहीच अडवत नाही.

कोकण, मुंबई, गोव्याकडच्या वाचकांना पावसाळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. लॅकर आणि मॅट वॉर्निश दमट हवेत पांढुरके पडतात. द्रावक झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर साचून थरात अडकते. पाऊस पडत असताना मारूच नका. कंप्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर लावा, नाहीतर ऐन वेळी नळीतून पाण्याचा थेंब पंखावर येतो. पांढुरकं झालंच तर कोरड्या दिवशी त्या जागेवर त्याच जातीचा थिनर अगदी पातळ फवारा, बहुतेक वेळा साय निघून जाते. वाळवायला उन्हात ठेवू नका. बंद गाडीच्या काचेमागे तर पातळ पंख वाकतात.

रंगाचा क्रम

फिकट आधी, गडद नंतर. पोटाला स्काय द्या आणि २४ तास थांबा. पोटाची कड मास्किंग टेपने झाका. टेप लावण्याआधी तो हाताच्या पाठीवर दोनदा डकवून काढा, चिकटपणा थोडा मरतो आणि खालचा रंग उचलला जात नाही. मग वरची सगळी बाजू डार्क अर्थ. तो वाळला की हिरव्याचे पट्टे.

पट्ट्यांचा आकार मनाने काढू नका. सूचनापत्रकातल्या वरून दिसणाऱ्या चित्रात पंखांचा पसारा मोजा. तो १०४ मिमी असेल तर १५० टक्के झेरॉक्स काढा, म्हणजे नेमका १५६ मिमी होतो. त्या कागदातून हिरवे पट्टे कापा. ब्रशने रंगवणाऱ्याने मॉडेलवर पेन्सिलीने हलकी रेघ मारून आत भरावं. एअरब्रशवाल्याने ब्लू-टॅकच्या (परत काढता येणाऱ्या चिकट लगद्याच्या) २-३ मिमी जाड वळ्या रेघेवर ठेवून मधली जागा टेपने झाकावी आणि रंग सरळ वरून मारावा, तिरका मारला तर तो वळीखाली शिरतो. टेप काढताना तो स्वतःवर दुमडून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, सावकाश ओढा. झटका दिला तर पोपडा निघतो. पोपडा निघालाच तर कडा २००० ने बसवून पातळ हातांनी भरा.

खुणा बसवणं

डिकल (पाण्यात भिजवून बसवायच्या छापील खुणा) मॅट रंगावर बसवले तर खरखरीत पृष्ठभागात हवा अडकते आणि पारदर्शक कडा चांदीसारख्या चमकतात. म्हणून आधी ग्लॉस वॉर्निशचे दोन पातळ हात आणि २४ तास. मग एका वेळी एकच डिकल कापा, कोमट पाण्यात १०-१५ सेकंद बुडवा आणि बाहेर मिनिटभर ठेवा. डिकल कागदावर सरकू लागला की मॉडेलवर पाण्याचा थेंब (किंवा मायक्रो सेट हा डिकल बसवायचा द्रव) ठेवून कागदावरून सरकवा. चिमट्याने उचलू नका, गुंडाळी होते. जागेवर आला की टिश्यूच्या टोकाने मधून कडेकडे पाणी टिपा. नंतर मायक्रो सोल हा डिकल मऊ करणारा द्रव लावला की डिकल सुरकुततो आणि जीव घाबरतो. त्या अवस्थेत स्पर्शही करू नका, तासाभरात तो स्वतःच ताणून पॅनलरेषेत बसतो.

१९४० च्या ब्रिटिश विमानांवरचं ओळखीचं वर्तुळ सगळीकडे सारखं नसतं. पंखांवर वरच्या बाजूला फक्त लाल आणि निळं, धडाच्या बाजूला लाल-पांढरं-निळं आणि बाहेर पिवळं कडं, पंखाखाली लाल-पांढरं-निळं. शेपटीवरच्या तीन पट्ट्यांत लाल पट्टी दोन्ही बाजूंना नाकाकडेच येते.

खुणा निवडायची मोकळीक असेल तर १५२ क्रमांकाच्या तुकडीचा विचार करा. तिची अक्षरं ‘यूएम’, आणि १९४० मध्ये ती डॉर्सेटमधल्या वॉर्मवेलहून स्पिटफायर उडवत होती. तिचं अधिकृत नाव ‘हैदराबाद’. निजामाने दिलेल्या देणगीमुळे ते पडलं आणि निजामाची पगडी तिच्या बोधचिन्हात आली. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता.

मळवणं, पण बेताने

डिकलवर पुन्हा एक ग्लॉसचा हात मारून दुसऱ्या दिवशी पॅनलरेषांत वॉश (खूप पातळ केलेला गडद रंग) सोडा. तपकिरी आणि काळ्या ऑइल कलरचा मटारएवढा ठिपका त्याच्या साधारण दहापट इनॅमल थिनरमध्ये मिसळा. वॉश खालच्या ॲक्रिलिकला विरघळवत नाही, म्हणूनच हा जोड निवडायचा. बारीक ब्रश रेषेला टेकवा, रंग धावतो. वीस मिनिटांनी कापसाच्या काडीने नाकाकडून शेपटीकडे पुसा, हवा वाहते त्याच दिशेने.

एक्झॉस्टमागे करडट तपकिरी धूर, पंखाच्या मुळाशी वैमानिक पाय देतो तिथे दोन-चार चांदीचे बारीक टवके, पोटाखाली तेलाची एक-दोन पुसट रेघ. एवढं पुरे. त्या उन्हाळ्यात पुष्कळ स्पिटफायर काही आठवडेच टिकत होते, वर्षानुवर्षं उन्हात पडलेल्या विमानासारखे ते जुने झालेच नव्हते. बंदुकांच्या तोंडावर चिकटवलेल्या कापडाच्या लाल चौकटी मात्र लावाच. पंखाच्या पुढच्या कडेवर चार-चार, एकूण आठ. किटमध्ये नसतील तर लाल रंगवलेल्या टेपचे दीड मिमीचे तुकडे चालतात.

शेवटी मॅट वॉर्निश, दोन पातळ हात. जाड मारलं तर गडद हिरव्यावर पांढरट धूळ बसल्यासारखी दिसते.

काच, चाकं, तार

कॅनपीची चौकट रंगवताना आधी काचा टेपने झाका. टेप लावून टूथपिकने कडा दाबा, चौकटीची रेघ टेपमधून दिसू लागते, नव्या पात्याने त्यावरून कापा. पहिला हात आतल्या करडट हिरव्याचा, वरून बाहेरचा रंग, म्हणजे आतून बघितल्यावर चौकट बरोबर रंगाची दिसते. चिकटवायला फेविकॉल टूथपिकने कडेला लावा, जास्तीचा ओल्या ब्रशने पुसता येतो आणि वाळल्यावर तो पारदर्शक होतो. कॅनपी बंद ठेवून रंग मारायचं ठरवलं असेल तर हे काच झाकणं आणि चिकटवणं क्रम बदलून अस्तराआधी येतं, आणि काचेवरचा टेप मॅट वॉर्निशनंतरच निघतो.

चाकांचे दांडे समोरून बघता खाली किंचित फाकलेले आणि बाजूने बघता थोडे पुढे झुकलेले हवेत. दोन चाकांमधलं अंतर या मापात सुमारे २४ मिमी, स्पिटफायर अरुंद पायांवरच उभा राहतो. दांडे लावून विमान उलटं ठेवा, पंधरा मिनिटांत कोन दुरुस्त करता येतो, नंतर नाही. चाकाच्या तळाला हलकासा सपाटपणा घासला की विमान जमिनीवर वजन टाकून उभं दिसतं. पंख्याची पाती काळी, टोकं पिवळी. खरी पट्टी चार इंचांची, आपल्याकडे १.४ मिमी.

कॅनपीमागच्या खांबापासून शेपटीच्या टोकापर्यंत अँटेनाची तार लावायची असेल तर मघाचाच ओढलेल्या स्प्रूचा धागा घ्या, केसाहून बारीक. दोन्ही टोकं फेविकॉलच्या ठिपक्याने चिकटवा. किंचित सैल राहिली तर विझलेल्या काडीची धग लांबून दाखवा, तार ताठ होते. जवळ नेली तर तुटते.

तयार मॉडेल काचेच्या कपाटात, थेट उन्हापासून लांब ठेवा. उन्हात रंग फिके पडतात. धूळ मऊ, कोरड्या मेकअप ब्रशने नाकाकडून मागे झाडा, पंख्याला आणि तारेला न लागता. कपाटात डांबराच्या गोळ्या मात्र ठेवू नका, त्यांची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करते आणि रंग चिकट होतो. दमटपणासाठी सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या पुरतात, पावसाळ्याच्या सुरुवातीला त्या बदला.